चार सासरांची बाय

सातपाटीला दामूनानांच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी परवानगी मागावी लागे. ओट्याच्या पायरीशी थांबायचं, ताठ उभं राहायचं आणि म्हणायचं, "येऊ का जहाजावर?" आतून "या!" असा हुकूम आला की मगच चढायचं. पोस्टमन, दूधवाला, मतं मागायला आलेले पुढारी, कुणालाच सूट नव्हती. एकदा त्यांचे सख्खे मेव्हणे हे ऐकून पायरीवरूनच रागाने माघारी वळले. नाना जागचे हलले नाहीत. शेवटी मासे कापत बसलेल्या काकी, म्हणजे नानांच्या बायको, विळी हातात घेऊन तशाच मेव्हण्यांच्या मागे धावल्या. विळी बघून मेव्हणे मुकाट्याने परत आले आणि पायरीवर उभं राहून म्हणाले, "येऊ का जहाजावर?"

मी गावातल्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि नानांच्या बाहेरच्या खोलीत भाड्याने राहिलो. वर्षभरात बदली करून घ्यायची असं ठरवून आलो होतो. पुढे बदलीचा हुकूम आला तेव्हा मीच खटपट करून तो रद्द करून घेतला, आणि त्याला कारण नाना. बुटके, गोलमटोल, मिशा दोन्ही बाजूंना सारख्या कातरलेल्या, कडक इस्त्रीची पांढरी अर्धी चड्डी आणि गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी. तुळशीला सगळं गाव हात जोडतं, नाना कडक सलाम ठोकत. उभी हयात त्यांनी नेव्हीत आचारी म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर ते बोईसरला, कुंभवलीच्या बाजूच्या एका रोलिंग मिलमध्ये कँटीन चालवायला लागले. तिथे जुनं लोखंड भट्टीत तापवून त्याच्या सळया ओढत. कामगार बहुतेक उत्तर प्रदेशातले, आणि ते सगळे एव्हाना "चाचा, आ जाऊं जहाज पे?" असं विचारूनच चहाला येत.

पहिल्या संध्याकाळी नानांनी मला जेवायला बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं.

"मास्तर, भात मधी. पोर्टला, डाव्या अंगाला, कालवन. स्टारबोर्डला, उजव्या अंगाला, सुकट. उलटं झालं तर जेवन बुडंल."

मी घाबरून ताट फिरवलं आणि कालवण थेट माझ्या मांडीवर आलं. काकी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मास्तर, यांचं काय आयकू नका. यांच्या डोक्यात माजी सवत बसली हाय."

मला ठसका लागला. नवीन गाव, नवीन माणसं, आणि घरात सवत! पुढचे काही दिवस मी नानांकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होतो. या गोल माणसाला दोन बायका सांभाळायचं कसं जमत असेल, असं मनात येई. मग एका रविवारी ओट्यावर बसून नानांनी सगळा खुलासा केला. काकींची सवत म्हणजे एक जहाज होतं. दोन तोफांचं, लढाऊ.

"जल्मली विलायतेत," नाना सोयरीक सांगावी तसे सांगत. "नाव ठेवलं मार्गारेट. तवा मोठी लढाई चालली व्हती. पाळन्यातनं उठली ती थेट लढाईत. ह्ये पयलं सासर, गोऱ्यांचं. लढाई सरली, तशी गोऱ्यांनी तिला डच लोकांला देऊन टाकली. दुसरं सासर. नाव बदललं, विल्हेल्मिना. तिकडं थंडी अशी का बिचारीच्या मिशा गोठल्या."

"जहाजाला मिशा?"

"मधी बोलू नका, मास्तर. मंग आपुन सोतंत्र झालो. आपल्याला जहाजं पायजे व्हती. तवा ती आपल्याकडं आली. तिसरं सासर. नाव मंदाकिनी. माज्या हातचं खाऊन अशी अंगानं भरली, पान्यात चार बोटं खाली बसाय लागली!"

आरमारं बदलली की जहाजाचं नाव बदलतं, यात नानांना काहीच नवल वाटत नसे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतातच. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, की झाली ती त्या घरची. नानांचा राग होता तो पद्धतीवर.

"तांदळात नाव लिवायचं का नाय? तर गोऱ्यांनी दारूची बाटली फोडली तिच्या थोबाडावर! नवरीच्या थोबाडावर बाटली! ह्यांला सून म्हनावं का दुस्मन?"

मंदाकिनी आपल्याकडे आली तेव्हा नाना नवीनच नोकरीला लागले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी जहाजावरच्या स्वयंपाकघरात परातभर तांदूळ पसरले, त्यात बोटाने 'मंदाकिनी' असं लिहिलं आणि त्याच तांदळाचा भात करून कप्तानापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना वाढला. लग्न लागलं ते कुणाला कळलंसुद्धा नाही. जेवणाऱ्यांनी फक्त भात चांगला झालाय एवढंच सांगितलं.

पुढच्या तोफेवर त्यांनी बोंबील वाळत घातले होते, तीही गोष्ट मी किती वेळा ऐकली याला हिशेब नाही. तोफेची नळी लांब, स्वच्छ, वारा चांगला लागतो, मग मोकळी कशाला ठेवायची? दोरी बांधली आणि इथून तिथपर्यंत बोंबील टांगले. नेमके त्या दिवशी मोठे साहेब तपासणीला आले. साहेब ओरडले, "हे काय आहे?" नाना ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, लढाई नाय तवर तिलाबी कायतरी काम पायजे ना!" नानांना आठवडाभर डेक घासायची शिक्षा झाली. तेच बोंबील रात्री तळून पानात आले, तेव्हा साहेबांनी ते मागून खाल्ले, हे सांगताना मात्र नाना मिशीवरून दोन्ही बाजूंनी सारखा हात फिरवत.

आणि मग तो बघण्याचा कार्यक्रम.

सरकारने मंदाकिनी तिकडे दूरच्या बेटांवरच्या कुठल्याशा देशाला द्यायची ठरवली. त्यांचे अधिकारी जहाज बघायला येणार होते. हुकूम आला: पाहुण्यांना नाश्ता करा. नानांनी कांदेपोहेच केले, कारण मुलगी बघायला येणाऱ्यांना दुसरं काय देतात? पण त्यात मिरच्या अशा घातल्या की बघणाऱ्यांनी मुलीकडे ढुंकूनसुद्धा बघू नये.

"मनात म्हनलं, एक घास खातील आन् बोंबलत जातील. पोरगी पसंत नाय म्हनून सांगतील. ऱ्हाईल घरात."

"मग?"

"मंग काय! त्यांच्याकडं म्हनं याहून तिखट खात्यात. दोन-दोन वेळा मागून घेतलं. नाकातनं पानी, डोळ्यातनं पानी, आन् हसत्यात! तितंच पसंत केली."

ही गोष्ट ऐकताना आम्ही सगळे पोट धरून हसायचो. पण या गोष्टीचा शेवट नाना कधी सांगत नसत. तो मला काकींकडून कळला, तोही त्यांनी रागाच्या भरात सांगितला म्हणून.

मुलगी सासरी निघाली की तिची ओटी भरतात. नारळ, खण, तांदूळ, सुपारी, हळदकुंकू. रिकाम्या ओटीने कुणी पाठवत नाही. नानांनी मुंबईत हिरवा खण घेतला, नारळ घेतला. पण ओटी भरायला सवाष्ण लागते, पुरुषाचं ते काम नव्हे. म्हणून त्यांनी काकींना निरोप धाडला की गोदीत ये, मंदाकिनीची ओटी भर. काकींनी उलटा निरोप पाठवला, "सवतीची वटी मी भरू? लाज हाय का?"

"बरोबर केलं मी," काकी मला म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं ह्यो मानूस वर्षातनं एकदा घरी याचा. बाकी समदं वरीस तिच्याजवळ. तिचं अंग घासाय, तिला रंगवाय. माजं पोट तीनदा वर आलं, तीनदा खाली झालं, एकदाबी ह्यो घरात नव्हता. आन् तिची वटी मी भरू?"

मंदाकिनी रिकाम्या ओटीने गेली. तिचं चौथं नाव नाना कधी उच्चारत नसत. तो हिरवा खण त्यांच्या पांढऱ्या पेटीत, घडी न मोडता, इस्त्रीच्या चड्ड्यांखाली पडून होता. काकींना तो माहीत होता. दर दिवाळीला त्या पेटी झाडत आणि खण परत तिथेच ठेवत.

काकी पालघरच्या बाजारात मासळी विकत. आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला त्यांनी भाव सांगितला की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक थांबायचं. त्यांना तीन मुलगे, तिघेही बोटीवर. मुलगी नाही. गौरी-गणपतीत शेजारीपाजारी माहेरवाशिणी यायच्या, हसणं-खिदळणं चालायचं, तेव्हा काकी उगाच पातेली आपटत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तीन नांगर दिलं देवानं. घरात हसनारं कोन नाय."

आणि एक दिवस नेव्हीतला नानांचा एक जुना सोबती मासळी घ्यायला गावात आला. चहा पिता पिता त्याने सहज सांगितलं, "नाना, तुमची मंदाकिनी परत आली. तिकडे गुजरातच्या किनाऱ्यावर. तोडायला काढलीय."

नानांनी चहा अर्धाच ठेवला. तेवढंच.

पण दुसऱ्या दिवसापासून रोलिंग मिलच्या फाटकावर गोंधळ सुरू झाला. तोडलेल्या जहाजांच्या लोखंडी पत्र्यांचे ट्रक तिथूनच यायचे. ट्रक आला की नाना कँटीनमधला झारा घेऊन धावायचे, पत्र्यावर टकटक करून ऐकायचे, नखाने रंग खरवडायचे आणि ओरडायचे, "हीच ती!" कामगार टाळ्या वाजवायचे. मग कुणीतरी दाखवायचं की हे तेलाच्या टाकीचं आहे. एकदा तर नानांनी सलाम ठोकला तो एका मोडक्या उसाच्या चरकाला. मिलचे शेठ वैतागले, "चाचा, आपका जहाज ढूंढते ढूंढते मेरी चाय ठंडी हो गई!" कँटीन ओस पडायला लागलं, पण नानांचं एकच म्हणणं. भट्टीत जाण्याआधी तिची ओटी भरायचीच. माझ्या हातून रिकामी गेली, आता तरी नको.

"पण भरणार कोण?" मी विचारलं.

नानांनी आतल्या दाराकडे बघितलं. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला.

भाद्रपदातला रविवार होता. मी नानांबरोबर मिलमध्ये गेलो होतो, रविवारी कँटीनमध्ये मटण असे म्हणून. ट्रक आला, नाना झारा घेऊन धावले, आणि या वेळी ओरडले नाहीत. हेच मला विचित्र वाटलं. मी गेलो तर ते एका मोठ्या जाड पत्र्यापुढे उभे होते. पत्र्यात जहाजाची गोल खिडकी होती आणि तिच्या खाली लोखंडी आकड्यांची एक रांग. वाकडे, हाताने बसवलेले.

"माज्या कढया टांगाय मीच बसवून घेतलेलं," नाना हळूच म्हणाले. "मास्तर, ह्यो रंग बगा."

त्यांनी झाऱ्याने खरवडलं. राखाडीखाली दुसरा राखाडी, त्याखाली तिसरा, त्याखाली निळसर. एकावर एक नेसलेली लुगडी. उद्या सकाळी हा ढीग कापून भट्टीत जाणार होता. नाना म्हणाले, "मास्तर, पालघरला जा. तिला घेऊन या. माजं ती आयकनार नाय."

मी बाजारात पोचलो तेव्हा काकी पापलेटावर पाणी शिंपडत होत्या. मी सगळं सांगितलं.

"मरू दे तिला."

"काकी, उद्या भट्टीत जाणार आहे ती."

"मंग तर ब्येसच झालं."

एक गिऱ्हाईक आलं. काकींनी त्याला भाव न सांगताच पापलेट दिलं, हे मी पहिल्यांदाच बघितलं. मग पाटी उचलून डोक्यावर ठेवली आणि उठल्या. "चला. मरायच्या पयलं तिचं थोबाड तरी बगते."

टेम्पोने आम्ही बोईसरला आलो. मिलमध्ये सगळे कामगार जमले होते. काकी पत्र्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. किती वर्षं त्यांनी मनातल्या मनात हिचं रूप रंगवलं असेल कुणास ठाऊक. गोरी, उंच, नखरेल. समोर होता गंजलेला, रंग पोपडे धरून सुटलेला, कडेने कापलेला पत्रा.

"ही?" काकी म्हणाल्या. "ही तर पार म्हातारी झाली."

काकींनी पुढे होऊन पत्र्याला नाक लावलं, हुंगलं आणि मागे वळून म्हणाल्या, "हीच हाय. तुमच्या फोडनीचा वास येतोय."

कामगार हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांनी गोल खिडकीवरून हात फिरवला. "चार घरं केली हिनं. एकाबी सासरी कोनी वटी नाय भरली?"

"नाय," नाना म्हणाले.

"मंग उबं काय ऱ्हाल्याव? नारळ आना!"

पुढे जे झालं ते बोईसरने त्याआधी पाहिलं नव्हतं. नारळ कँटीनमध्ये होता, तांदूळ होते, हळद होती. कुंकू क्रेनवाल्या रामधनीने त्याच्या देवीच्या फोटोपुढचं आणून दिलं. आणि खण? नानांनी खिशातून काढला. हिरवा, घडी न मोडलेला. मंदाकिनीची बातमी आल्यापासून ते तो रोज खिशात घालून येत होते. आता पत्र्याला पदर कुठून आणायचा? काकींनी क्षणभर विचार केला आणि खण गोल खिडकीतून ओवून, दोन्ही टोकं आकड्यांना अडकवून त्याची झोळी केली. तीत मुठीने तांदूळ घातले, सुपारी घातली, नारळ ठेवला.

रामधनी डोळे मोठे करून म्हणाला, "चाची, गोद भराई? जहाज को बच्चा होनेवाला है?"

त्यांच्याकडे ओटी भरतात ती गरोदर बाईची. नाना डोळे पुसत गरजले, "होनेवाला है! कल सुबह! सळया होनेवाल्या है! जुळी, तिळी, ढीगभर!"

हशा असा उसळला की शेठ ऑफिसातून पळत आले. "माल क्यों रुका है?" त्यांनी विचारलं. कुणीतरी सांगितलं. शेठनी बूट काढले आणि नमस्कार केला. वर म्हणाले, "चाचा, इसकी जितनी सळी निकलेगी, उसमें से आपके घर को मेरी तरफ से."

नानांचं घर कौलारू होतं आणि मुलांना वर स्लॅब घालायचाच होता. काही दिवसांनी सळयांच्या मोळ्या घरापुढे उतरल्या. काकींनी कमरेवर हात ठेवून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बगा! आजपातूर सवत डोक्यात व्हती, आता आनून डोक्यावर बसवली!" पण सळया ओल्या होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर जुनं शीड त्यांनीच टाकलं, आणि कोंबड्यांना तिथे बसू दिलं नाही.

स्लॅब भरायच्या सकाळी नानांनी परात आणली, तांदूळ पसरले. घराला नाव द्यायचं होतं. "पाचवं घर, पाचवं नाव," ते म्हणाले. "मास्तर, चांगलंसं सुचवा." मी 'सागरिका' म्हटलं. मुलं आपापसात भांडायला लागली. नाना बोट वर धरून विचार करत होते.

काकी चुलीजवळून म्हणाल्या, "पाचवं सासर कुटलं? ह्ये म्हायेर हाय तिचं. म्हायेरला कोन नाव बदलतं?"

"मंग काय लिवू?"

"म्हायेरला लेकीला काय म्हनत्यात? बाय म्हनत्यात. बाय लिवा."

तिकडे लेकीला, लहान पोरीला लाडाने बाय म्हणतात. नानांचं बोट परातीवर तसंच राहिलं. मग त्यांनी खाली वाकून दोन अक्षरं लिहिली. त्याच तांदळाचा भात त्या दिवशी आम्ही सगळे जेवलो, आणि दारावर पाटी लागली: 'बाय'.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी बदली झाली, आणि या वेळी ती रद्द झाली नाही. सामान टेम्पोत चढवून मी निरोप घ्यायला वळलो. नाना वर गच्चीवर होते. मला सलामी द्यायची म्हणून पांढरी अर्धी चड्डी, नेव्हीतले जुने बूट, गळ्यात शिट्टी असा सगळा साज करून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय आपटत चालले होते. पलीकडे काकी बोंबील वाळत घालत होत्या. नानांनी वळून कडक सलाम ठोकला, शिट्टी तोंडात धरली, आणि काकी हातातला बोंबील नाचवत ओरडल्या, "अवं, हळू चाला! शिट्टी नका वाजवू! बाय निजली हाय!"

नानांनी शिट्टी तोंडातून काढली. खाली बसले, एक एक करून दोन्ही बूट काढले, हातात घेतले आणि गच्चीच्या कडेला अनवाणी उभे राहून मला हात हलवत राहिले.